महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारी आणि उपपदार्थांचा इतिहास : चक्रीय अर्थव्यवस्थेच्या संदर्भात एक अभ्यास

सारांश

एका उद्योगातील टाकाऊ पदार्थ हा दुसऱ्या उद्योगाचा कच्चा माल व्हावा, हे चक्रीय अर्थव्यवस्थेचे मूलतत्त्व होय. ही संज्ञा रूढ होण्यापूर्वीच महाराष्ट्राच्या ऊस पट्ट्यात बगॅस, मोलॅसिस, प्रेसमड व स्पेंटवॉश या उपपदार्थांच्या वापराची व्यवस्था आकारास येत होती. प्रस्तुत शोधनिबंधात या व्यवस्थेचा १९३२ पासूनचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. उपपदार्थाला मोल प्राप्त होण्यामागे तंत्रज्ञानापेक्षा कायदा, दर व मालकी या घटकांचा वाटा मोठा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : चक्रीय अर्थव्यवस्था, सहकार, साखर कारखाना, उपपदार्थ, सहवीजनिर्मिती, इथेनॉल.

प्रस्तावना

चक्रीय अर्थव्यवस्था ही संकल्पना गेल्या दोन दशकांत शासकीय धोरणांत, उद्योगजगतात आणि विद्यापीठीय अभ्यासक्रमांत वेगाने रुजली. केनेथ बोल्डिंग यांनी १९६६ मध्ये पृथ्वीला मर्यादित साधनांच्या अवकाशयानाची उपमा देऊन या विचाराचा पाया घातला. डेव्हिड पिअर्स आणि केरी टर्नर यांच्या १९९० च्या ग्रंथाने त्याला अर्थशास्त्रीय मांडणी दिली. चीनने २००८ मध्ये या विषयावर स्वतंत्र कायदा केला आणि युरोपीय संघाने २०१५ मध्ये कृती आराखडा जाहीर केला. या साहित्यात उदाहरण म्हणून बहुधा डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग या बंदराच्या शहराचा उल्लेख येतो. तेथील वीज केंद्र, तेलशुद्धीकरण कारखाना, जिप्समचे तक्ते बनविणारा उद्योग आणि औषध कंपनी यांनी परस्परांची वाफ, पाणी, वायू व राख वापरण्याचे करार १९७० च्या दशकापासून एकामागून एक केले.

कालुंडबोर्गची माहिती असलेल्या मराठी अभ्यासकाला लोणी, वारणानगर किंवा सांगली येथील साखर कारखान्याच्या आवाराकडे त्याच दृष्टीने पाहण्याची सवय मात्र नाही. सहकारी साखर कारखानदारीवर मराठीत व इंग्रजीत विपुल लेखन झाले असले तरी त्याचा रोख प्रामुख्याने राजकारण, नेतृत्व, सिंचन व ग्रामीण विकास यांवर राहिला. उपपदार्थांचा इतिहास हा त्या लेखनात तळटीपेचा विषय ठरला. वस्तुतः कारखान्याचे अर्थकारण, नदीचे आरोग्य आणि शेतकऱ्याच्या उसाला मिळणारा दर हे तिन्ही प्रश्न या उपपदार्थांशी निगडित आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. गुऱ्हाळापासून आधुनिक साखर कारखान्यापर्यंत उपपदार्थांच्या वापरात झालेल्या बदलांचा मागोवा घेणे.
२. प्रत्येक उपपदार्थाला मोल प्राप्त होण्यामागील कायदेशीर व आर्थिक कारणे शोधणे.
३. या मोलाचे वाटप शेतकरी, कारखाना, शासन व ऊसतोड मजूर यांच्यात कसे झाले ते तपासणे.
४. चक्रीय अर्थव्यवस्थेच्या संकल्पनेची मर्यादा या उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचन मुख्यतः कायदे, शासकीय आदेश, आयोग व समित्यांच्या शिफारशी यांवर आधारलेले आहे. भौगोलिक व्याप्ती पश्चिम महाराष्ट्र व अहिल्यानगर जिल्हा अशी असून कालखंड १९३२ ते २०२५ असा आहे.

गुऱ्हाळातील चक्र

साखर कारखान्यांपूर्वी उसाचा रस गुऱ्हाळात आटविला जात असे. घाण्यातून निघालेले चिपाड उन्हात वाळवून त्याच गुऱ्हाळाच्या चुलवाणात जळणासाठी वापरीत. चुलवाणातील राख खत म्हणून शेतात जाई. काहिलीतील रसावर येणारी मळी काढून टाकली जाई, उसाचे वाढे जनावरांचा चारा म्हणून उपयोगी पडत आणि त्याच जनावरांचे शेणखत पुन्हा उसाला मिळे. बाहेरून इंधन विकत आणावे लागत नसे आणि विल्हेवाटीचा स्वतंत्र प्रश्नही उद्भवत नसे.

तथापि या चक्राचे आदर्शीकरण करणे योग्य ठरणार नाही. ते चक्र लहान होते म्हणून पूर्ण होते. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात आणि प्रवरा कालवे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाल्यानंतर उसाचे क्षेत्र वाढले. त्याबरोबरच पाणथळ व चोपण जमिनींचा प्रश्न उभा राहिला. पाडेगाव येथे १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले. गुऱ्हाळाच्या चुलवाणाशी पूर्ण होणारे वर्तुळ कालव्याच्या पाण्यापाशी आधीच तुटलेले होते, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

संरक्षित उद्योग आणि नकोसे मोलॅसिस

ब्रिटिश सरकारने १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकात संरक्षण देणारा कायदा केला. त्यापूर्वी देशात सुमारे तीस आधुनिक साखर कारखाने होते. पुढील काही वर्षांतच ही संख्या शंभराच्या पुढे गेली. दख्खनमध्ये हरेगाव, वालचंदनगर, माळीनगर अशी केंद्रे या कालखंडात पुढे आली.

शंभर टन उसापासून साधारणतः दहा ते बारा टन साखर, अठ्ठावीस ते तीस टन ओले बगॅस, सुमारे चार टन मोलॅसिस आणि तीन ते चार टन प्रेसमड मिळते. कारखान्यांची संख्या वाढताच मोलॅसिसचा साठा ही मोठी अडचण ठरली. गुऱ्हाळातील गुळात रसातील सर्व गोडवा राहत असे, त्यामुळे मोलॅसिस नावाचा पदार्थ तेथे वेगळा निघतच नव्हता. म्हणजेच साखर हे नवे उत्पादन आले तेव्हाच हा नवा टाकाऊ पदार्थही जन्माला आला. ते खड्ड्यात साठविणे किंवा ओढ्यात सोडणे हे मार्ग त्या काळी वापरले गेले. संयुक्त प्रांत व बिहार सरकारांच्या चौकशी समितीने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोलॅसिसपासून इंधन अल्कोहोल बनविण्याची शिफारस केली. दुसऱ्या महायुद्धातील पेट्रोल टंचाईने या शिफारशीला बळ मिळाले आणि स्वतंत्र भारताच्या संसदेने १९४८ मध्ये इंधन अल्कोहोलविषयी कायदा संमत केला. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा विचार एकविसाव्या शतकातील नाही, हे यावरून दिसून येते.

मुंबई प्रांतात मात्र परिस्थिती निराळी होती. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्याबरोबरच मोलॅसिसवरही नियंत्रण आणले. ज्या पदार्थापासून दारू बनू शकते तो पदार्थच संशयास्पद ठरला. त्याची साठवण, वाहतूक व विक्री परवान्याच्या कक्षेत आली. पुढे १९६० च्या दशकापासून महाराष्ट्राने दारूबंदी टप्प्याटप्प्याने सैल केली, तरी नियंत्रणाची चौकट कायम राहिली.

सहकार आणि उपपदार्थांची मालकी

विठ्ठलराव विखे पाटील, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला व १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. प्रवरेच्या धर्तीवर १९५० व १९६० च्या दशकांत राज्यात अनेक सहकारी कारखाने स्थापन झाले.

उपपदार्थांच्या दृष्टीने सहकाराचे वैशिष्ट्य मालकीच्या रचनेत आहे. खासगी कारखाना शेतकऱ्याकडून ऊस विकत घेई. ऊस वजनकाट्यावरून पुढे गेला की त्याच्या चिपाडावर शेतकऱ्याचा हक्क उरत नसे. सहकारी कारखान्यात ऊस उत्पादक हाच सभासद असल्याने मोलॅसिस विकून आलेला पैसा तत्त्वतः त्याच्या अंतिम ऊसदरात उतरणे अपेक्षित होते. कालुंडबोर्गमध्ये स्वतंत्र कंपन्या करारांनी एकमेकींशी बांधल्या गेल्या. महाराष्ट्रात कच्च्या मालाचा उत्पादकच संपूर्ण साखळीचा मालक होता. प्रादेशिक चक्रीय अर्थव्यवस्थेचा हा अधिक सखोल नमुना ठरू शकला असता.

प्रत्यक्षात दोन अडथळे आले. पहिला अडथळा दराचा होता. १९६१ च्या मोलॅसिस नियंत्रण आदेशानुसार मोलॅसिसचा दर व वाटप शासन ठरवीत असे. हा दर इतका अल्प होता की मोलॅसिसची नीट साठवण करण्यात कारखान्याला स्वारस्य उरत नसे. स्वस्त मोलॅसिसचा लाभ अल्कोहोलवर आधारलेल्या रसायन उद्योगाला व मद्य उद्योगाला झाला. १९९३ मध्ये केंद्र शासनाने हे नियंत्रण उठविले आणि मोलॅसिसला बाजारभाव मिळू लागला. ज्या कारखान्यांनी स्वतःच्या आसवनी उभारल्या होत्या त्यांना या व्यवस्थेत तग धरता आला, इतरांना तो लाभ झाला नाही.

दुसरा अडथळा अधिकारक्षेत्राचा होता. अल्कोहोलवर कर व नियंत्रण कोणाचे, केंद्राचे की राज्याचे, हा वाद अनेक दशके चालला. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये औद्योगिक अल्कोहोलबाबत राज्यांचे अधिकार मर्यादित केले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तो निर्णय रद्द ठरवून औद्योगिक अल्कोहोलही राज्यांच्या कक्षेत येते असा निर्वाळा दिला.

बगॅस : जाळून संपविण्यापासून विकण्यापर्यंत

बगॅसचा इतिहास यापेक्षा वेगळा आहे. कारखाना आरंभापासूनच बगॅस जाळून वाफ तयार करीत असे. परंतु बॉयलर मुद्दाम कमी दाबाचे व कमी कार्यक्षमतेचे ठेवले जात, कारण शिल्लक बगॅस ठेवायचे कोठे हा प्रश्न होता. ओल्या बगॅसचे ढीग आग व धुळीच्या दृष्टीने धोक्याचे असत. म्हणून हंगामाअखेर बगॅस संपेल अशा बेताने ते जाळले जाई. येथे अकार्यक्षमता हा अज्ञानाचा परिणाम नव्हता. ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाही तिची बचत करण्यात अर्थ नाही, असा तो सरळ हिशेब होता.

तामिळनाडूत शासनाच्या कागद कंपनीने १९८० च्या दशकात साखर कारखान्यांना पर्यायी इंधन पुरवून त्या बदल्यात बगॅस घेण्याची पद्धत रुजविली व त्यापासून वृत्तपत्राचा कागद बनविला. महाराष्ट्रात बगॅसला खरे मोल आले ते विजेमुळे. केंद्र शासनाने १९९० च्या दशकात सहवीजनिर्मितीला प्रोत्साहन देण्यास प्रारंभ केला. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २००२ मध्ये या विजेच्या खरेदीदराविषयी आदेश दिला आणि २००३ च्या विद्युत कायद्याने अपारंपरिक वीज खरेदीला आधार दिला. त्यानंतर कारखान्यांनी पूर्वीच्या २१ किंवा ३२ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर दाबाच्या बॉयलरऐवजी ६७, ८७ आणि ११० किलोग्रॅम दाबाचे बॉयलर बसविले. त्याच बगॅसपासून कारखान्याची गरज भागून वीज विकता येऊ लागली.

उच्च दाबाचे बॉयलर जगात आधीपासून उपलब्ध होते. त्यांना भांडवल मिळाले ते वीज विकण्याचा हक्क व निश्चित दर मिळाल्यावर. पुढे सौरविजेचे दर घसरले, खरेदीसाठी स्पर्धात्मक निविदांची पद्धत आली आणि सहवीजप्रकल्पांसाठी काढलेल्या कर्जांचा भार अनेक कारखान्यांना जाणवू लागला. दराच्या आधारे उभे राहिलेले चक्र दर बदलताच डळमळते, याचा हा प्रत्यय होय.

स्पेंटवॉश : चक्रातील दुखरा दुवा

मोलॅसिसपासून एक लिटर अल्कोहोल तयार करताना साधारणतः आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. गडद तपकिरी रंगाच्या या द्रवाची प्राणवायू शोषून घेण्याची क्षमता घरगुती सांडपाण्याच्या शंभर पटींहून अधिक असते. तो नदीत मिसळला की पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे मरतात. वृत्तपत्रे ज्याला 'मळीमिश्रित पाणी' म्हणतात ते बहुधा हेच असते.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध १९६९ मध्ये, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्या आधी, स्वतंत्र कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. तरीही कृष्णा व पंचगंगेच्या काठावरील गावांच्या तक्रारी दशकानुदशके चालू राहिल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००३ च्या सनदेने आसवन्यांना सांडपाणी बाहेर न सोडण्याचे बंधन घातले. त्यानंतर स्पेंटवॉशपासून बायोगॅस काढणे, उरलेला द्रव प्रेसमडवर फवारून कंपोस्ट खत करणे आणि पुढे तो आटवून बॉयलरमध्ये जाळणे हे मार्ग रूढ झाले. जाळल्यानंतर उरणाऱ्या राखेत पालाश असते. २०२१ मध्ये केंद्र शासनाने अशा पालाशयुक्त खताचा पोषणद्रव्याधारित अनुदान योजनेत समावेश केला. भारत पालाशासाठी जवळजवळ पूर्णतः आयातीवर अवलंबून असल्याने या निर्णयाचे महत्त्व विशेष आहे. उसाने जमिनीतून उचललेले पालाश त्याच जमिनीकडे परत जाणे हे गुऱ्हाळाच्या राखेचेच विस्तारित रूप होय.

येथेही क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. बगॅसबाबत लाभाने बदल घडविला. स्पेंटवॉशबाबत कायद्याच्या बंधनाने तो घडविला आणि लाभ मागाहून आला. उद्योग स्वहितासाठी आपोआप चक्र पूर्ण करतील, ही समजूत या उदाहरणाने टिकत नाही.

मोल कोणाचे?

उपपदार्थांना मोल आल्यानंतर त्याच्या वाटणीचा प्रश्न अटळ होता. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात भार्गव आयोगाच्या शिफारशीनुसार १९७४ मध्ये ५-अ हे कलम घालण्यात आले. त्याचा आधार साखरेपासूनचे उत्पन्न हा होता. उसाचा किमान दर ठरविताना मोलॅसिस, बगॅस व प्रेसमड यांचे उत्पन्न विचारात घ्यावे, असा स्पष्ट उल्लेख या आदेशात २००८ च्या दुरुस्तीने आला. २००९ मध्ये रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, लागू झाला. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर व प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा, किंवा केवळ साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा, ऊस उत्पादकाला द्यावा असे सुचविले. महाराष्ट्राने त्यानंतर २०१३ मध्ये ऊसदराविषयी स्वतंत्र कायदा केला. उपपदार्थांच्या मोलावर शेतकऱ्याचा वाटा कायद्याच्या भाषेत येण्यास सहकाराच्या आरंभानंतर सुमारे सहा दशके लागली, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे.

एक घटक मात्र या सर्व सूत्रांच्या बाहेर राहिला. बीड व लगतच्या जिल्ह्यांतून दरवर्षी येणारे ऊसतोड मजूर 'कोयता' या नावाने, बहुधा पती-पत्नीच्या जोडीने, उचल घेऊन कामाला लागतात. उसाचे वाढे स्वतःच्या बैलांना घालणे व उरलेले दुभत्या जनावरांच्या मालकांना विकणे हा त्यांचा परंपरेने चालत आलेला पूरक उत्पन्नाचा मार्ग आहे. हा उपपदार्थ कोणत्याही आदेशात नोंदलेला नाही. तोडणी यंत्र वाढे व पाचट तुकडे करून शेतातच टाकते. जमिनीच्या दृष्टीने पाचटाचे आच्छादन हितकारक असले तरी मजुराच्या दृष्टीने रोजगाराबरोबर वाढ्यांचे उत्पन्नही जाते. सेंद्रिय पदार्थाचे चक्र पूर्ण होत असतानाच उपजीविकेचे चक्र तुटू शकते, याची नोंद चक्रीय अर्थव्यवस्थेच्या प्रचलित मांडणीत क्वचितच आढळते.

उपपदार्थ मुख्य पदार्थ होतो तेव्हा

१ जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला. दुष्काळामुळे ऊस घटताच तो लवकरच मंदावला. २०१४ नंतर शासनाने इथेनॉलचे दर ठरवून देण्यास आरंभ केला आणि २०१८ च्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मोलॅसिस व थेट उसाच्या रसापासून इथेनॉल बनविण्यास मुभा दिली. २०१३-१४ मध्ये जेमतेम दीड टक्का असलेले मिश्रण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले.

या यशाचे मोल मान्य करूनही एक संकल्पनात्मक भेद करणे आवश्यक आहे. साखर काढून उरलेल्या मोलॅसिसपासून इथेनॉल बनविणे हा उपपदार्थाचा वापर होय. थेट रसापासून इथेनॉल बनविणे हे नवे मुख्य उत्पादन होय. पहिल्या प्रकारात अधिक उसाची गरज नसते, दुसऱ्यात उसाची मागणी वाढते. केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोगाने महाराष्ट्रातील चार टक्क्यांहून कमी पीकक्षेत्रावरील ऊस राज्याच्या सिंचनाच्या पाण्यापैकी जवळजवळ सत्तर टक्के पाणी वापरतो असे नोंदविले आहे. पाण्याच्या हिशेबात पाहता रसापासूनचे इथेनॉल हे चक्र नसून एक सरळ रेषा आहे. तिच्या एका टोकाला धरण आहे आणि दुसऱ्या टोकाला मोटारीची टाकी.

७ डिसेंबर २०२३ रोजी साखरेच्या संभाव्य तुटवड्यामुळे केंद्र शासनाने उसाच्या रसापासून इथेनॉल बनविण्यास मनाई केली, काही दिवसांत ती अंशतः शिथिल केली आणि २०२४-२५ च्या हंगामासाठी मागे घेतली. याच सुमारास मक्यासारख्या धान्यापासूनच्या इथेनॉलचा वाटा उसाच्या इथेनॉलपेक्षा मोठा झाला. मोठी कर्जे काढून आसवनी क्षमता वाढविलेल्या सहकारी कारखान्यांना धोरणातील या हेलकाव्यांची झळ पोहोचली.

निष्कर्ष

१. महाराष्ट्राच्या ऊस पट्ट्यात चक्रीय अर्थव्यवस्थेचे घटक त्या संज्ञेच्या प्रसारापूर्वी अस्तित्वात होते. ते विविध कालखंडांत, वेगवेगळ्या दबावांतून विकसित झाले.
२. मोलॅसिसला १९९३ च्या नियंत्रणमुक्तीने, बगॅसला २००२-०३ च्या वीजधोरणाने आणि स्पेंटवॉशच्या राखेला २०२१ च्या खत अनुदानाने मोल दिले. प्रत्येक ठिकाणी तंत्रज्ञानाइतकाच, किंबहुना अधिक, निर्णायक घटक शासकीय निर्णय हा होता.
३. सहकारी मालकीमुळे उपपदार्थांचे मोल शेतकऱ्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता निर्माण झाली, परंतु त्याची कायदेशीर हमी २००८ नंतरच आकारास आली. ऊसतोड मजूर या वाटणीच्या बाहेरच राहिले.
४. कारखान्याच्या कुंपणाआत चक्र पूर्ण झाले तरी नदीखोऱ्याच्या पातळीवर ते अपूर्ण असू शकते. म्हणून उद्योग, शहर व प्रदेश या पातळ्यांचा हिशेब स्वतंत्रपणे मांडणे आवश्यक ठरते.

समारोप

साखर कारखान्याच्या आवारात आज फारसे काही वाया जात नाही, ही वस्तुस्थिती अभिमानास्पद आहे. परंतु वाया न जाणे आणि न्याय्य रीतीने वाटले जाणे या दोन भिन्न गोष्टी होत. पदार्थ कोठून कोठे जातो हे तंत्रज्ञ सांगू शकतो. त्याबरोबर पैसा, पाणी व श्रम कोठून कोठे गेले हे सांगण्याचे काम इतिहास व अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचे आहे. राज्यातील अनेक महाविद्यालये साखर कारखान्यांच्या परिसरात, त्यांच्याच प्रेरणेने उभी राहिली आहेत. कारखान्यांचे वार्षिक अहवाल, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते व ऊसदराची जुनी बिले जतन करून त्यांचा अभ्यास या महाविद्यालयांतील इतिहास व अर्थशास्त्र विभागांनी हाती घेतल्यास प्रदेशाच्या आर्थिक इतिहासाचे एक दुर्लक्षित दालन खुले होईल.